वल्ह्यावरची ढाल: 'अर्थ काय' याच्या आधी 'कुणाची' ते विचारा

प्रश्न विचारणाऱ्या ताई केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकतात आणि कॉलेजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबातून वल्हवतात. यंदाच्या 'मे बंप्स'मध्ये (नाव मेचं, शर्यत जूनमध्ये) त्यांच्या बोटीनं चारही दिवस पुढची बोट गाठून तिला धडक दिली, म्हणून सगळ्यांना 'ब्लेड्स' मिळाली. म्हणजे प्रत्येकाला एक खरंखुरं लाकडी वल्हं घेता येतं, आणि त्याच्या पात्यावर कॉलेजची ढाल (ढालीच्या आकारातलं मानचिन्ह, इंग्रजीत 'कोट ऑफ आर्म्स'), गाठलेल्या बोटींची नावं, आठ वल्हेकऱ्यांची नावं वजनांसकट आणि शेवटी कॉक्सचं, म्हणजे बोटीला दिशा देणाऱ्याचं, नाव रंगवून मिळतं. आता हे वल्हं घरी न्यायचं तर आई-बाबा विचारणार, ढालीवर हे काय काय आहे? त्यांनी एका संकेतस्थळावर पाहिलं, तर तिथे सिंह म्हणजे शौर्य, लिली म्हणजे पावित्र्य, निळा म्हणजे निष्ठा आणि ती पांढऱ्या-निळ्या तुकड्यांची किनार म्हणजे अनौरस संतती, असा तक्ता होता. शेवटचं वाचून त्या चपापल्या. शिवाय क्राइस्ट्स कॉलेजची ढाल हुबेहूब तीच निघाली, मग कुणी कुणाची उचलली? आणि आता मराठी मुलांनी मिळून एक मंडळ काढलंय, त्यालाही अशी ढाल करायची आहे: विद्यापीठाचा सिंह, भगवा झेंडा, मोर आणि मधोमध राजमुद्रा. चालेल का? जाता जाता एक छोटा प्रश्न: वल्ह्यावर नाव देवनागरीत लिहिता येईल का?

मी कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवत या धंद्यात आलो. गेली 19 वर्षं इंग्लंडात वल्ही, सन्मानफलक आणि ढाली रंगवतो. पदवी कसलीच नाही. जे सांगतोय ते हाताखालून गेलेल्या कामातून आलेलं आहे.

तुमचे प्रश्न चार दिसतात, पण त्यातले पहिले तीन मुळात एकच आहेत. तुम्ही 'या चिन्हाचा अर्थ काय' असं विचारताय, आणि ढाल त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्मलेलीच नाही. ती 'हा कुणाचा' एवढंच सांगते. लोखंडी शिरस्त्राणात तोंड झाकलेला माणूस लांबून ओळखू यावा, त्याच्या कागदावरचा शिक्का ओळखू यावा, त्याच्या घराचा दरवाजा ओळखू यावा, ही तिची कामं. सिंह म्हणजे शौर्य वगैरे तक्ते बरेचसे मागाहून रचलेले आहेत. एकाच सिंहाला एका तक्त्यात शौर्य म्हणतात, दुसऱ्यात औदार्य, तिसऱ्यात राजसत्ता.

आपल्याकडचं देवक आठवा. लग्नाच्या आधी देवक बसवतात तेव्हा कळंब म्हणजे अमुक गुण आणि वड म्हणजे तमुक गुण असा हिशोब कुणी करत नाही. देवक सांगतं ते हे घर कुठल्या कुळातलं आहे ते. मोऱ्यांचं मोराचं पीस, साळुंख्यांचं साळुंखीचं. केंब्रिजलाच जीझस कॉलेजच्या ढालीवर कोंबड्यांची मुंडकी आहेत. जागरूकता, पहाट, ज्ञानाचा उदय असं बरंच काही त्यावर सांगता येईल. पण कॉलेज स्थापन करणाऱ्या बिशपांचं आडनाव ऑलकॉक होतं आणि 'कॉक' म्हणजे कोंबडा, एवढीच गोष्ट. मोऱ्यांचा मोर आणि ऑलकॉकचा कोंबडा, जात एकच.

आता तुमची ढाल. ती लेडी मार्गारेट बोफोर्ट या बाईंची आहे. कॉलेजची किंवा क्लबची ती पुढे झाली, आधी या बाईंची होती. जन्म 1443, मृत्यू 1509. राजा सातव्या हेन्रीची आई. हेन्री जन्मला तेव्हा त्या स्वतः 13 वर्षांच्या होत्या आणि नवरा आधीच वारलेला होता. क्राइस्ट्स कॉलेज त्यांनी हयातीतच, 1505 मध्ये उभं केलं. सेंट जॉन्स त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांनी ठेवलेल्या पैशातून आणि बिशप जॉन फिशर यांच्या खटपटीतून 1511 मध्ये निघालं. म्हणजे चोरी कुणीच केली नाही. एका आईच्या दोन लेकरांच्या दारावर एकच देवक आहे, इतकंच.

ढाल आतून बाहेर वाचू या. चार भाग आहेत. पहिल्या आणि चौथ्या भागात निळ्यावर तीन सोनेरी लिली, ही फ्रान्सच्या राजाची खूण. दुसऱ्या आणि तिसऱ्यात लालवर तीन सोनेरी सिंह, ही इंग्लंडच्या राजाची. इंग्लंडच्या ढालीत फ्रान्स कशाला? कारण तिसऱ्या एडवर्डनं 1340 मध्ये आपण फ्रान्सचेही राजे असल्याचा दावा केला आणि त्या दाव्याची जाहिरात म्हणून लिली पहिल्या मानाच्या जागी बसवल्या. पुढे फ्रान्स हातात राहिला नाही तरी लिली राहिल्या, थेट 1801 पर्यंत. पावित्र्याचा इथे संबंध नाही. सातबाऱ्यावर नाव लावून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि सातबाऱ्यावरची नावं किती पिढ्या निघत नाहीत ते तुम्हाला माहीतच असेल.

खरी गोष्ट किनारीत आहे. ही ढाल किनारीशिवाय रंगवली तर ती त्या काळच्या राजाची ढाल होते. पांढरे-निळे तुकडे लावले की बोफोर्ट घराण्याची. एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गॉन्ट याला कॅथरिन स्विनफर्डपासून मुलं झाली (हेच बोफोर्ट), तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. लग्न झालं 1396 मध्ये. पुढच्याच वर्षी दुसऱ्या रिचर्डनं त्या मुलांना औरस ठरवलं. त्यानंतर त्यांनी राजघराण्याची ढाल घेतली, पण भोवती ही किनार घालून. पांढरा आणि निळा हे जॉनच्या लँकेस्टर घराण्याचे रंग. 1407 मध्ये चौथ्या हेन्रीनं आणखी एक पाचर मारून ठेवली: ही मंडळी औरस खरी, पण गादीवर हक्क नाही. आणि 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईनंतर गादीवर बसला तो याच बोफोर्ट आईचा मुलगा.

तेव्हा 'किनार म्हणजे अनौरस' हे अर्धवट आहे. किनार म्हणजे 'मी त्याच घरातला, पण थोरली पाती नव्हे'. लग्नाच्या बायकोपासून झालेले धाकटे राजपुत्रही किनार लावत. तिसऱ्या एडवर्डचाच धाकटा मुलगा थॉमस ऑफ वुडस्टॉक साधी पांढरी किनार लावायचा आणि त्याच्या जन्माबद्दल कुणाला शंका नव्हती. तुकड्यांच्या किनारीला तो वास पुढच्या काळात चिकटला, आणि चिकटण्याचं एक कारण बोफोर्टच असावेत असं माझं मत. आईला सांगताना एवढंच सांगा: ज्यांना गादी मिळणार नाही असं लिहून ठेवलं होतं त्यांची ही खूण, आणि त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी पुढे राज्य केलं. माझ्या आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला ती बाकी सगळ्या इंग्लंडपेक्षा जास्त आवडली.

कॉलेजच्या दरवाज्यावर ढालीच्या दोन बाजूंना बोकडासारखे, ठिपक्याठिपक्यांचे दोन प्राणी दिसतात त्यांना 'येल' म्हणतात. अमेरिकेतल्या विद्यापीठाशी त्यांचा संबंध नाही. प्राचीन रोमन लेखक प्लिनीनं वर्णन केलेला हा प्राणी, त्याची शिंगं म्हणे हवी तशी फिरतात, म्हणून एक शिंग पुढे आणि एक मागे काढतात. नवखा पेंटर हमखास दोन्ही शिंगं एका दिशेला काढतो आणि मग त्याची नुसती बकरी होते. फुलं आहेत ती मार्गारीट, म्हणजे डेझी: मार्गारेट नावावरचा श्लेष. आणि जाळीचा दरवाजा, पोर्टकलिस, ही बोफोर्टांची वेगळी खूण. ब्रिटिश संसदेच्या कागदांवर आज दिसते ती हीच. वल्ह्याच्या पात्यावर एवढं सगळं मावत नाही. तिथे फक्त ढाल घ्या.

आता रंगवणाऱ्याच्या बाजूनं थोडं, कारण तुमच्या पेंटरनं 'निळा कुठला?' असं विचारलंय असं तुम्ही लिहिलंय आणि तो प्रश्न रास्त आहे. ढालीचं मूळ असतं शब्दांत. त्या वर्णनाला 'ब्लेझन' म्हणतात (तुमच्या क्लबाच्या लालभडक जॅकेटावरून 'ब्लेझर' शब्द आला असं सांगतात, त्याचा आणि ब्लेझनचा संबंध नाही, ऐकायला सारखे इतकंच). ब्लेझनमध्ये फक्त 'निळा' म्हटलेलं असतं. आकाशी की शाईचा, ते रंगवणाऱ्यावर. किनारीत तुकडे किती, सिंहाच्या आयाळीला वळणं किती, हेही त्याच्यावर. पण सिंह चालता हवा आणि तोंड आपल्याकडे वळवलेलं हवं, यात मुभा नाही. त्याची जीभ आणि नखं निळी. लोक विचारतात, निळी जीभ कशी? लाल जमिनीवर लाल जीभ दिसणार कशी, हे त्याचं उत्तर. सगळ्या प्रकारात किती साधा व्यवहार आहे ते यावरून कळेल. रंगांचा मोठा नियमही तसलाच: सोनं आणि चांदी (म्हणजे पिवळा आणि पांढरा) हे 'धातू', बाकी लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लांबून दिसत नाही म्हणून. एस्टी स्टँडवरची पाटी रंगवणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

केंब्रिजचा तो हिरवट फिका निळा मात्र ढालीत घालू नका. तो खेळाचा रंग. 1836 च्या ऑक्सफर्डविरुद्धच्या शर्यतीत बोटीला फिक्या निळ्या रंगाची फीत बांधली तिथून तो आला. ढालीतल्या निळ्याशी त्याची सरमिसळ झालेली वल्ही मी पाहिली आहेत आणि लिलीखालची जमीन शेवाळलेली दिसते.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. एका क्लबाच्या वल्ह्यासाठी मला फोनवर फोटो आला. सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला, म्हणजे आरशासारखा उलटा. अक्षरं त्यात नव्हती म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. कागदावर चित्र काढलं, रेषांवर टाचणीनं भोकं पाडली, पात्यावर ठेवून खडूच्या पुडीची पुरचुंडी थापली, ठिपके उमटले. गोंदाचा हात दिला, तो बोटाला चिकटतो न चिकटतो इतका सुकू दिला, सोन्याचा वर्ख बसवला. खारीच्या केसांच्या ब्रशनं जास्तीचा वर्ख झाडला. सहा सिंह झकास बसले, आणि सहाही चुकीच्या दिशेला चाललेले. क्लबाचे एक म्हातारे सभासद आले, दारातूनच म्हणाले, 'हे पळून चाललेत.' सगळं खरवडून पुन्हा केलं, वर्खाचे पैसे माझ्या खिशातून.

ढालीचा उजवा म्हणजे ती हातात धरणाऱ्याचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे. लक्षात ठेवायला सोपं: विठोबाच्या वामांगी रखुमाई म्हणतो, ती आपल्या उजव्या हाताला दिसते. डावं-उजवं देवाचं धरायचं. सिंह किंवा कुठलाही प्राणी बहुधा ढालीच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे तोंड करून चालतो. पेंटरला फोटो पाठवाल तो कॉलेजच्या दरवाज्याचा, मागच्या कॅमेऱ्यानं काढलेला पाठवा.

इथवर तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं झालं: चिन्हं गुण सांगत नाहीत, माणूस सांगतात, आणि दोन्ही कॉलेजांचा माणूस एकच आहे.

'कुणाचं' हा प्रश्न टाळला की काय होतं त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. हार्वर्डच्या कायदा विद्यालयाच्या ढालीवर गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. तक्ता काढून बघितलात तर गव्हाची पेंढी म्हणजे समृद्धी, सुगी. कुणाला आक्षेप असायचं कारण नाही. पण त्या पेंढ्या आयझॅक रॉयल याच्या घराण्याच्या होत्या. त्याच्या देणगीतून तिथलं कायद्याचं पहिलं अध्यासन उभं राहिलं, आणि त्या घराण्याचा पैसा गुलामांच्या कष्टातून आलेला होता. विद्यार्थ्यांनी 'या पेंढ्या कुणाच्या' एवढंच विचारायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये ती ढाल उतरली. 2021 मध्ये नवी आली. पेंढ्या होत्या तशाच होत्या.

आता मंडळाची ढाल. इथे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, तेव्हा सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही. तुम्ही इंग्लंडात आहात. इथे ढाली बहाल करण्याचं काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स करतं, 1484 पासून. रीतसर अर्ज, भरपूर फी, आणि कातड्यावर हातानं लिहून-रंगवून सनद. नव्या विद्यार्थी मंडळाला ते परवडणार नाही आणि गरजही नाही. पण दुसऱ्याची ढाल लावणं वेगळं. त्यासाठीचं खास न्यायालय इथे अजून कागदावर आहे. शेवटचं बसलं 1954 मध्ये: मँचेस्टर शहराची ढाल एका नाट्यगृहानं आपल्या पडद्याच्या वरच्या झालरीवर आणि शिक्क्यावर लावली म्हणून शहरानं दावा केला, आणि दोनशेहून अधिक वर्षं झोपलेलं ते न्यायालय उठून बसलं, शहराच्या बाजूनं निकाल देऊन पुन्हा झोपलं. तुमच्यावर कुणी तिथे दावा लावणार नाही. विद्यापीठाच्या कचेरीकडून मात्र पत्र येऊ शकतं. तुम्ही स्कॉटलंडात असता तर मी अधिक घाबरवलं असतं. तिथे लॉर्ड लायन या ढालींवरच्या अधिकाऱ्याचं न्यायालय चालू आहे, त्याला स्वतःचा सरकारी वकील आहे, 1672 चा कायदा आहे, आणि फुटबॉल क्लबांनाही बिल्ले बदलावे लागले आहेत. जर्मनीत नेमकं उलट: तिथल्या जुन्या विद्यार्थी संघटनांच्या स्वतःच्या ढाली असतात, त्यात संघटनेचे रंग आणि 'त्सिर्केल' नावाची एका झटक्यात काढलेली गुंतवळ सही, आणि त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. भारतात ढाली देणारी संस्थाच नाही, पण अशोकस्तंभाचे सिंह वापरायला 2005 च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा तिकडेही वळू नका.

विद्यापीठाचा सिंह घेऊ नका. केंब्रिजची ढाल 1573 मध्ये विद्यापीठाला मिळाली: लालवर पांढऱ्या केसाळ कातड्याचा क्रूस, मधे पुस्तक, चार कोपऱ्यांत चार सोनेरी सिंह. ते चौघे विद्यापीठ नावाच्या संस्थेचे आहेत. कॉलेजच्या बोट क्लबाची गोष्ट वेगळी, तो कॉलेजच्या घरातलाच, कॉलेजच्या संमतीनं कॉलेजची ढाल मिरवतो. तुमचं मंडळ विद्यापीठात नोंदवलेलं असलं तरी बोर्डावर विद्यापीठाचं नाव आणि चिन्ह कसं वापरायचं याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या. तोंडी 'चालतं हो' म्हणणाऱ्यावर विसंबू नका, ईमेल मागा.

राजमुद्रेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. टीशर्टावर, गाडीच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर ती लागते हे मलाही दिसतं. पण तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा: 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा'. शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा. इतक्या सरळ शब्दांत 'कुणाची' ते सांगणारी खूण मी युरोपातही क्वचितच पाहिली. तिथे सिंह काढून लोकांनी ओळखावं अशी अपेक्षा, इथे महाराजांनी लिहूनच ठेवलंय. ती मुद्रा आपल्या मंडळाच्या ढालीत बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या सहीखाली आपला मजकूर घालणं. आदर असेल तर शिवजयंतीला भिंतीवर लावा. स्वतःची खूण म्हणून नको.

मोर? तो मोऱ्यांचा, गंमत सोडली तरी राष्ट्रीय पक्षी म्हणून सगळ्या भारतीय मंडळांचा. त्यावरून मराठी मंडळ ओळखू येणार नाही. शिवाय पिसारा फुलवलेला मोर बिल्ल्याच्या आकारात शिवला की कोबीचा गड्डा दिसतो. कोट-बिल्ल्यांचं जरीकाम बनारसच्या लल्लापुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या होतं, तिथले कारागीर जगभरच्या पलटणींचे बिल्ले शिवतात. तिथून माझ्याकडे आलेल्या एका बिल्ल्यातल्या मोराला त्यांनी पिसारा मिटवूनच काढला होता. हाताला कळतं ते.

भगवा झेंडा ठेवायचा तर जमीन कुठली ते बघा. भगवा हा ढालींच्या नेहमीच्या रंगांत बसत नाही, आणि लालवर किंवा निळ्यावर तो ठेवलात तर रंगावर रंग होऊन नदीच्या पलीकडच्या काठावरून नुसता डाग दिसेल. पांढऱ्यावर ठेवा, छान उठेल.

मला विचाराल तर मी श्लेष शोधेन. जुन्या ढालींमधला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे: ऑक्सफर्ड शहराच्या ढालीवर उथळ पाण्यातून चाललेला बैल आहे, कारण नावाचाच अर्थ बैलांचा उतार. तुम्हाला तर शब्द आयता मिळालाय: मंडळ. मंडळ म्हणजे वर्तुळ. ढालीत भरीव वर्तुळ हे अगदी जुनं, मान्य चिन्ह आहे. पांढऱ्या ढालीवर एक मोठं भगवं वर्तुळ, त्याच्या खाली नदीसाठी एक नागमोडी निळी पट्टी. बस. टपाल तिकिटाएवढं केलं तरी ओळखू येईल, भरतकामात बिघडणार नाही, शाळकरी पोरगं आठवणीनं काढू शकेल. मराठी माणसाला खालचं पाणी आणि वरचा गोळा बघून उगवता सूर्य वाटेल, इंग्रजाला संत्रं वाटेल, वाटू दे. 'कुणाचं?' म्हटल्यावर 'मंडळाचं' एवढं उत्तर त्यात आहे. नक्की करण्याआधी मात्र तशीच ढाल आधी कुणाची नाही ना, ते तपासून घ्या, कारण साध्या ढाली लवकर संपतात. आणि तिला कोट ऑफ आर्म्स म्हणू नका, बोधचिन्ह म्हणा. सनद नसलेल्याला नाव साधं ठेवलेलं बरं.

ब्रीदवाक्य हवं असेल तर मराठीत घ्या. संस्कृतात घ्यायचा मोह होतो; मुंबई विद्यापीठाचं 'शीलवृत्तफला विद्या' आणि पुण्याचं 'यः क्रियावान् स पण्डितः' दोन्ही सुरेख आहेत, पण ती त्यांची. इंग्लंडातल्या ढालींत ब्रीदवाक्य बहुधा सनदेचा भाग धरत नाहीत, ते हवं तेव्हा बदलता येतं. त्यामुळे यावर समितीच्या तीन बैठका घालवू नका.

राहिला देवनागरीचा प्रश्न. ढालीचे सगळे नियम ढालीच्या आत. बाहेरची अक्षरं तुमची. तेव्हा चालेल का म्हणाल तर चालेल, पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे नऊजणांत तुमचं एकटीचं नाव वेगळ्या लिपीत आलं तर ओळ तुटते. माझ्याकडे असं एक वल्हं आलं होतं, तेव्हा मी नावं सगळी रोमनमध्ये घेतली आणि दांड्यावर, मुठीच्या जवळ, मुलाचं पूर्ण नाव आणि गाव देवनागरीत टाकलं. घरी भिंतीवर लावल्यावर आजीच्या डोळ्यांच्या उंचीला तेच आलं. दुसरी अडचण हाताची: वल्ह्याचं पातं चमच्यासारखं खोलगट असतं, त्यावर शिरोरेषा सरळ मारली तर लांबून ती वाकलेली दिसते. ती मधे केसभर वर उचलून मारावी लागते म्हणजे डोळ्याला सरळ वाटते. इंग्रज पेंटरला हे माहीत असायचं कारण नाही, त्याला रोमनमध्ये शिरोरेषाच नसते. दांडा गोल असला तरी लांबीच्या दिशेनं सरळ आहे, तिथे ही भानगड येत नाही. म्हणून देवनागरी दांड्यावर, पात्यावर नको.

वजनं स्टोन आणि पौंडात लिहितात, 14 पौंडांचा एक स्टोन. शर्यतीच्या आठवड्यातली खरी वजनं क्लबाच्या सचिवाकडून लिहून घ्या. आठपैकी निदान तिघे नंतर फोन करून दोन पौंड कमी करायला सांगतात, आणि तोवर वर्ख चढलेला असतो.